सवाष्णीचं पान

"केतकीताई, समया दोनच होत्या ना हो?" वहिनीनं माझ्या कानाशी लागून विचारलं.

देवीपुढं दोनच समया होत्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. मी तसं सांगितलं.

"मला चार दिसतायत," ती म्हणाली आणि हसली. हसताना तिनं ओठांवरून बोट फिरवलं. ओठ आपलेच आहेत ना याची खात्री करून घ्यावी तसं. "उपासानं असेल. सकाळपासून पोटात काही नव्हतं."

ही अष्टमीची संध्याकाळ. नाशकात गंगेच्या बाजूला आमची शेवगे गल्ली आहे, म्हणजे तेव्हा होती तशी आता राहिलेली नाही. नवरात्रात गल्लीच्या तोंडाशी मांडव पडायचा आणि अष्टमीला सगळ्या गल्लीची फराळाची पंगत बसायची. दुपारनंतर रस्त्यावर दोरी बांधून गाड्या बंद करायच्या, पाण्याचा सडा मारायचा, तरटाच्या पट्ट्या अंथरायच्या. भगरीच्या पिठाच्या भाकरी, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. घरी रोज खाल्लं तर तोंड फिरवावं असलं जेवण, पण त्या रस्त्यावर मांडी घालून, शेजारणीच्या कोपराला कोपर लावून खाल्लं की त्याची चवच वेगळी. पुण्याच्या वसतिगृहात मी वर्षभर त्या आमटीची आठवण काढायची. त्या वर्षी एम. एस्सी.ची परीक्षा संपवून आले होते. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. गल्लीच्या भाषेत, "किड्यांचं कॉलेज".

पंगतीआधी एका सवाष्णीला देवीसमोर एकटीला जेवू घालायची रीत होती. दर वर्षी एका घराची पाळी. आमच्या घराची पाळी दोनदा आली आणि पुढं सरकली, कारण वडील गेलेले, आईला बसता येत नव्हतं. मग दादाचं लग्न झालं, कुंदावहिनी आली आणि या वर्षी आमचं घर पुन्हा पंगतीच्या हिशेबात आलं. आई सकाळपासून तीनदा रडली होती, आनंदानं.

वहिनी वणीजवळच्या खेड्यातली. चार वर्षांत तिचा आवाज गल्लीतल्या निम्म्या लोकांनी ऐकला नव्हता. "सुहासची बायको तोंडात मूग धरून बसते," असं दोंदेकाकू म्हणायच्या, "एक दिवस मोड येतील!" वहिनी त्यावरही नुसती हसायची. घरातसुद्धा दादानं आवाज चढवला की ती हातातलं काम सोडून भिंतीशी उभी राहायची. आणि दादाचा आवाज चढायला कारण लागायचं नाही.

तर ती जेवली होती. हिरवा शालू, कपाळभर कुंकू, पुढ्यात भरलं पान. सवाष्ण जेवताना तिच्याशी बोलायचं नाही, तिनं पानात काही टाकायचं नाही. तिनं एक कण टाकला नव्हता. नंतर तिची ओटी भरली गेली, बायकांनी जोगवा म्हटला, मग आरत्या सुरू झाल्या. आमच्या गल्लीत आरत्या एकदा सुरू झाल्या की लवकर संपत नसत. ज्याला त्याला आपल्या गावच्या देवीची आरती म्हणायची असे. तिकडं रस्त्यावर पानं मांडून वाढप चाललं होतं.

आणि इकडं तिला चार समया दिसत होत्या.

"वहिनी, बस जरा," मी म्हणाले.

"पायाखालची फरशी हलतेय हो," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "मुंग्या आल्यात. बोटांना. तोंडालाही."

मी तिचा हात हातात घेतला. तो गार होता, घामानं ओला होता, आणि आत कुठंतरी खोल, तार छेडावी तसा थरथरत होता.

तेव्हा मला तो वास आठवला.

सकाळी मी दोंदेकाकूंच्या मदतीला गेले होते. मंडळानं भगरीचं पीठ आधीच दळून आणून मांडवामागं पोत्यात ठेवलं होतं. मधे दोन दिवस हस्ताचा पाऊस झोडपून गेला. पोत्याचं तोंड सोडलं तसा ओल लागलेल्या भिंतीसारखा वास आला. मी मूठभर पीठ उजेडात धरलं. बारीक बारीक गुठळ्या होत्या, काहींच्या पोटात करडी छटा.

"काकू, हे पीठ नको वापरायला," मी म्हणाले. "बुरशी धरलीय."

"ऊन दाखवलं, चाळून घेतलं. आता काय त्याला गंगास्नान घालू?" दोंदेकाकू म्हणाल्या. त्या कित्येक वर्षं ही पंगत रांधत होत्या आणि त्यांच्या हातचं खाऊन आजवर कुणाचं पोटसुद्धा दुखलं नव्हतं. "अगं, भाकरी तव्यावर पडली की तुझे किडे मरतात. का तेही शिकवलं नाही कॉलेजात?"

"बुरशी मरते काकू, तिनं सोडलेलं विष मरत नाही."

"मागच्या वर्षी पाणीपुरी बंद केलीस आमची. त्याआधी बर्फाचा गोळा. आता देवीचा नैवेद्य राहिला होता!" सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही थोडी हसले. मग मंडळाचे अध्यक्ष बाळनाना पिंगळे यांच्याकडं गेले. त्यांनी पीठ हुंगलं आणि म्हणाले, पावसाळी दिवस आहेत पोरी, सगळ्यालाच वास येतो.

भाकरी झाल्या. नैवेद्य दाखवण्याआधी काही जिभेला लावायचं नाही हा आमच्याकडचा कडक नियम, त्यामुळं रांधणाऱ्या एकीनंही तुकडा तोंडात टाकून पाहिला नव्हता. त्या सबंध गल्लीत ते अन्न आतापर्यंत एकाच माणसाच्या पोटात गेलं होतं.

मी दादाला शोधायला वळले. तेवढ्यात मागं संबळ जोरात वाजायला लागला, कारण शेवटची आरती आली होती, आणि बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी किंचाळलं, "आली! आई आली!"

वहिनी पाटावर बसली होती आणि तिचं सगळं अंग हलत होतं. खांदे, मान, मांडीवरचे हात. अंबाडा सुटून केस तोंडावर आले होते. डोळे उघडे होते पण ते कुणाकडं पाहत नव्हते.

गल्लीत पूर्वी अंगात यायचं ते म्हाताऱ्या गंगूबाई निकमांच्या. त्या वारल्यापासून देवी कुणाच्या अंगात आली नव्हती आणि देवी आपल्यावर रुसली आहे असं बाया दर नवरात्रात बोलून दाखवत. आता बघता बघता घोळका तिच्याभोवती गुडघ्यांवर बसला. कुणी तिच्या पायावर पाणी घातलं, कुणी मळवट भरला. दोंदेकाकूंनी पदर पसरला. "वणीच्या मातीतली पोर," त्या रडत म्हणाल्या, "आपणच ओळखलं नाही गं! मी हिला काय काय बोलले!"

"काकू, देवी नाही, विषबाधा आहे ही!" मी ओरडले. "तिचे डोळे बघा! बाहुल्या केवढ्या मोठ्या झाल्यात! हिला दवाखान्यात न्यायला हवं!"

"गप!" एकीनं माझं मनगट धरून मला मागं ओढलं. "आईसमोर असलं बोलतेस?"

मी घोळक्यातून बाहेर निसटले. रस्त्यावर पंगत बसली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं. म्हातारी, पोरंटोरं, पाहुणे. पानं वाढून झाली होती. भाकरीतून वाफा निघत होत्या. आमच्यात बाळनानांनी जयजयकार करून पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावत नाही, आणि नाना अजून मांडवाकडं मान वळवून बघत होते. तेवढ्या एका वळलेल्या मानेवर सगळं अडलं होतं. एक लहान मुलगी भाकरीचा कोपरा मोडत होती. तिच्या आईनं हातावर चापट मारली, "थांब जरा!" माझ्या जिवात जीव आला, आणि लगेच गेला, कारण थांबायचं म्हणजे किती थांबायचं?

दादा आमटीची बादली घेऊन उभा होता.

"दादा, वहिनीला रिक्षात घाल. आत्ता. आणि हे कुणालाही खाऊ देऊ नको. पिठात विष आहे."

"काय बडबडतेस?"

"ती थरथरतेय ना, ते त्यानंच. पीठ मी सकाळी पाहिलंय. हे सगळे तसेच पडतील दादा, ही पोरंसुद्धा!"

त्यानं बादली खाली ठेवली. क्षणभर मला वाटलं, ऐकलं यानं. पण तो मांडवाकडं पाहत होता. घोळक्याच्या फटीतून वहिनी दिसत होती, कुंकवानं लाल झालेली, हलत असलेली, आणि तिच्या पायांशी डोकी टेकत होती. दादा तिकडं गेला. मला वाटलं उचलेल तिला. तो वाकला आणि त्यानं आपल्या बायकोच्या पायांवर डोकं ठेवलं.

मला तेव्हा जी भीती वाटली तशी नंतर कधी वाटली नाही. आपल्याला जे दिसतंय ते खरं आहे, आणि ते आपल्या एकटीलाच दिसतंय, ही ती भीती होती. तिच्यात आणखी एक भीती होती, ती अशी की कदाचित मीच चुकत असेन. मी काही तपासलं नव्हतं. माझ्याकडं एक वास होता, करडी छटा होती आणि पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद होता. एवढ्यावर मी या सगळ्यांना भरल्या पानावरून उठवू पाहत होते.

मी बाळनानांसमोर जाऊन उभी राहिले. "नाना, पाया पडते तुमच्या. जयजयकार करू नका. जेवण खराब आहे."

नाना रागावले नाहीत. त्यांचा चेहरा वाईट वाटल्यासारखा झाला. "पोरी, वाढलेल्या पानावरून माणूस उठवायचं असतं का? दाराशी आलेला वैरीसुद्धा उठवत नाहीत. आणि आज तर आई स्वतः आलीय."

"नाना, एक तासभर थांबा फक्त."

"पानं निवतील. लेकरं भुकेली आहेत." ते उठले. "तरी तुझ्या समाधानासाठी आईलाच विचारतो, मग झालं?"

अंगात आलेल्या देवीची आज्ञा घेऊन पंगत सुरू करायची ही गंगूबाईंच्या वेळची पद्धत. मी त्यांच्या मागोमाग गेले आणि घोळक्यात घुसून वहिनीजवळ गुडघ्यांवर बसले. तिचा जबडा थडथडत होता. तोंडाच्या कडेनं लाळ आली होती. मी तिच्या कानाशी तोंड नेलं. "वहिनी, मी केतकी. पिठातून विष गेलंय तुला. सगळी पंगत बसलीय. कुणी माझं ऐकत नाही गं. काय करू मी?"

तिला ऐकू गेलं की नाही कळलं नाही. तिची नजर माझ्यावरून पाण्यासारखी घसरून गेली.

संबळ थांबला. बाळनानांनी टोपी सारखी केली, हात जोडले. "आई, तुझी लेकरं पानावर बसलीत. आज्ञा दे."

सगळी गल्ली गप्प झाली. रस्त्यावर पानं होती, त्यावर हात तयार होते. वहिनीचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. ती काही बोलली नाही. नानांनी थोडी वाट पाहिली आणि मान डोलावली. "मौन म्हणजे होकार," ते म्हणाले आणि वळले.

"बाळ्या!"

आवाज एवढा मोठा आणि खरबरीत होता की तो कुठून आला हे आधी कळलंच नाही. सत्तरीतले नाना जागच्या जागी गोठले. त्यांना त्या नावानं हाक मारणारं माणूस जगात उरलं नव्हतं.

वहिनी पाटावर अर्धवट उभी राहिली होती. दोन्ही हात हवेत, पंजे वळलेले. "उठव त्यांना," ती म्हणाली. शब्द जड जिभेनं फरफटत येत होते. "कुणी शिवायचं नाही. पान पालथं घाल, बाळ्या. पहिलं तुझं."

मी विज्ञानाची पदवीधर, विषाचं नाव मला ठाऊक होतं, आणि तरी त्या क्षणी मी हात जोडले.

नाना धावत आपल्या पानाकडं गेले. त्यांनी दोन्ही हातांनी ते उचललं आणि पालथं घातलं. आमटी तरटावर पसरली. मग त्यांच्या शेजारच्यानं घातलं, मग त्याच्या शेजारच्यानं. रस्ताभर पानं उलटत गेली. ती भाकरीचा कोपरा मोडणारी मुलगी भोकाड पसरून रडली, आणि तिच्या आईनं तिच्या मुठीतला तुकडा काढून दूर भिरकावला.

मांडवात वहिनी कोसळली.

"देवी उतरली," कुणीतरी म्हणालं. दादा तसाच बसून होता. मी त्याच्या खांद्याला धरून हलवलं, "दादा, आता तरी! आता ती माझी वहिनी आहे ना?" तेव्हा त्यानं तिला उचललं.

दवाखान्यात पोचेपर्यंत तिला दोनदा ओकारी झाली. रिक्षात मी तिची नाडी धरून होते आणि ती सुटली तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सलाइन लावलं, पोट धुतलं, मला चार प्रश्न विचारले. भगर म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती जणांनी खाल्लीय?"

"एकीनंच."

"नवरात्रातलं जेवण आणि एकीनंच?" त्यांनी दादाकडं पाहून पुन्हा विचारलं. दादानं होकारार्थी मान हलवली. "नशीबवान आहात," डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडं एवढ्या खाटा नाहीत."

पहाट होईपर्यंत काही सांगता येत नव्हतं. दादा बाहेर बाकावर बसून होता. उजाडलं तशी तिची थरथर कमी झाली, मग नुसती बोटांपुरती राहिली. तिनं डोळे उघडले आणि छताकडं बघत विचारलं, "पोरं कशी आहेत?"

"कुठली पोरं?"

"पंगतीतली."

"बरी आहेत सगळी. कुणी खाल्लं नाही."

तिनं डोळे मिटले. मी खुर्ची पुढं ओढली. मला राहवेना. मला नेहमीच सगळं समजून घ्यायचं असतं. "वहिनी, काल तू नानांना बाळ्या म्हणालीस. आठवतंय?"

तिनं दाराकडं बघून घेतलं. "तुम्ही कानात बोललात ते ऐकू आलं," ती अगदी हळू म्हणाली. "हात माझे नव्हते, पाय माझे नव्हते. जीभ तेवढी थोडी होती. कुंदा म्हणून बोलले असते तर कोण उठलं असतं?"

"म्हणजे तूच—"

"हळू बोला." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती भीती होती, अशी की काल ती मरणाच्या दारात होती तेव्हासुद्धा मी पाहिली नव्हती. "देवीच्या नावानं खोटं बोलले मी. अष्टमीला, तिच्यासमोर, तिचाच मळवट भरून. काय होईल हो माझं?"

"तू इतक्या लोकांना वाचवलंस," मी म्हणाले. ते खरं होतं आणि तिला त्याचा काही उपयोग नव्हता.

"ह्यांना सांगू नका," ती म्हणाली.

दार ढकलून दादाच आत आला. खाटेजवळ आला, थबकला. रोज घरात पाय टाकताच "कुंदे, पाणी" असं म्हणणारा माझा भाऊ तिच्या पायथ्याशी हात कुठं ठेवावेत हे न कळून उभा होता. "बरं वाटतंय का... तुम्हाला?" त्यानं विचारलं.

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं.

त्याच्या मागून गल्लीतल्या बायका आल्या, हातात खण, नारळ, तांदूळ. नर्स आडवी आली तरी थांबल्या नाहीत. सगळ्यांच्या पुढं दोंदेकाकू होत्या. रात्रभर रडून त्यांचे डोळे सुजले होते. त्यांनी नारळ खाली ठेवला आणि सरळ खाटेच्या लोखंडी दांड्यावर कपाळ टेकलं.

"आई," त्या म्हणाल्या, "माझ्या हातानं सगळ्या गल्लीच्या तोंडात माती गेली असती. तू अडवलंस. पण एक सांग, माझ्यावर कोपलीस का? पुन्हा पंगत रांधू का नको? तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी इथून उठायची नाही."

खोलीत सगळे वहिनीकडं पाहत होते. दादासुद्धा. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं संपलं असतं. वहिनीनं चादरीखाली माझा हात शोधून धरला. उशीवरून डोकं किंचित उचललं. जी बाई काल दुपारपर्यंत तिला मुगाचे मोड म्हणून चिडवत होती, तिच्या पांढऱ्या केसांकडं ती पाहत राहिली.

"कोपले नाही," ती म्हणाली. "ऊठ. रांध तू."

दोंदेकाकूंनी हंबरडा फोडला, बायकांनी जयजयकार केला. चादरीखाली वहिनीची नखं माझ्या तळहातात रुतली होती.